बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानातून सायकलने: रस्ता, माती, वारा आणि पाण्याचा हिशेब

अमेरिकेच्या दक्षिण डकोटा राज्यात, गवताळ मैदानाच्या मधोमध जमीन एकाएकी फाटल्यासारखी दिसते. सपाट कुरण संपते आणि समोर पांढरट, गुलाबी, पिवळ्या मातीचे सुळके, घळी आणि धारदार कडे उभे राहतात. हेच बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान. या भूभागातून एक डांबरी रस्ता वळणे घेत जातो आणि त्यावर सायकल चालवायला परवानगी आहे. रस्ता फार लांब नाही, फार उंचही नाही. तरीही अनेक अनुभवी सायकलस्वार इथे अडचणीत येतात. त्यामागे चढांपेक्षा पाणी, ऊन, वारा आणि सावलीचा पूर्ण अभाव ही कारणे जास्त असतात.

हा रस्ता कसा आहे, कसा तयार झाला, त्यावर सायकल चालवताना काय पाहायचे आणि काय सांभाळायचे, याची माहिती या लेखात घेऊ.

थोडक्यात

- ठिकाण: दक्षिण डकोटा राज्याचा नैऋत्य भाग, अमेरिका
- क्षेत्रफळ: सुमारे ९८० चौरस किलोमीटर
- दर्जा: १९३९ पासून राष्ट्रीय स्मारक, १९७८ पासून राष्ट्रीय उद्यान
- मुख्य रस्ता: बॅडलँड्स लूप रोड (राज्य महामार्ग २४०)
- लांबी: महामार्ग ते महामार्ग सुमारे ६३ किलोमीटर (३९ मैल), त्यातला अभ्यागत केंद्र ते पिनॅकल्स प्रवेशद्वार हा मुख्य भाग सुमारे ३६ किलोमीटर
- सायकलला परवानगी: वाहनांसाठी खुल्या असलेल्या डांबरी, खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर
- सायकलला मनाई: पायवाटा, बंद केलेले रस्ते, रस्ता सोडून मोकळी जमीन आणि संरक्षित रानभाग
- चांगला काळ: मे अखेर ते जून आणि सप्टेंबर

बॅडलँड्स म्हणजे काय?

भूगोलाच्या मराठी पुस्तकांत अशा जमिनीला ‘उत्खातभूमी’ म्हणतात. मऊ माती किंवा कच्चा खडक, विरळ झाडोरा आणि थोडा पण जोरदार पडणारा पाऊस या तीन गोष्टी एकत्र आल्या की पाणी जमिनीत मुरण्याऐवजी ती कापत जाते. ओघळीची घळ होते, घळींमधल्या जागेचे कडे आणि सुळके होतात. चंबळचे बीहड याच प्रक्रियेतून तयार झाले आहेत. महाराष्ट्रात प्रवरा नदीकाठी संगमनेर परिसरातही अशी झिजलेली जमीन लहान प्रमाणावर दिसते. दक्षिण डकोटातला विस्तार मात्र खूप मोठा आहे आणि तिथल्या थरांचे रंग दुरूनही वेगवेगळे ओळखता येतात.

नावाची गोष्टही सरळ आहे. लाकोटा लोक या प्रदेशाला ‘माको शीचा’ म्हणत. माको म्हणजे भूमी, शीचा म्हणजे वाईट. नंतर आलेल्या फ्रेंच कातडी-व्यापाऱ्यांनीही ‘ओलांडायला वाईट जमीन’ अशाच अर्थाचे नाव दिले. दोघांचीही तक्रार एकच होती: पाणी मिळत नाही, पाऊस पडला की माती पायाला चिकटते आणि सरळ वाट सापडत नाही. आज डांबरी रस्ता असला तरी यातल्या पहिल्या दोन तक्रारी सायकलस्वारासाठी जशाच्या तशा खऱ्या आहेत.

रस्ता आधी, उद्यान नंतर

सहसा उद्यान आधी जाहीर होते आणि रस्ता मागाहून येतो. इथे उलट घडले. दक्षिण डकोटाचे सिनेटर पीटर नॉरबेक यांनी या भागाला संरक्षण मिळावे म्हणून बरीच वर्षे प्रयत्न केले. ४ मार्च १९२९ रोजी अमेरिकी संसदेचा कायदा झाला, पण त्यात एक अट होती. राज्याने आधी ठरलेल्या खासगी जमिनी मिळवायच्या आणि या प्रदेशातून सुमारे ३० मैलांचा रस्ता बांधायचा, त्यानंतरच राष्ट्रीय स्मारकाची घोषणा व्हायची. महामंदीच्या काळात हे काम पुरे झाले. २५ जानेवारी १९३९ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात स्मारक अधिकृतपणे अस्तित्वात आले. नॉरबेक यांचे निधन त्याआधीच, १९३६ मध्ये झाले होते. १० नोव्हेंबर १९७८ रोजी स्मारकाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

याचा सायकलस्वाराशी संबंध आहे. हा रस्ता एका गावाहून दुसऱ्या गावाला लवकर पोहोचण्यासाठी आखलेला नाही, तो देखावे दाखवण्यासाठी आखलेला आहे. म्हणून तो कड्याच्या माथ्यावर येतो, खिंडीतून खाली उतरतो, तळाच्या कुरणातून जातो आणि पुन्हा वर चढतो. मोटारीतून हे चढ-उतार जाणवत नाहीत, सायकलवर पायांना जाणवतात.

‘भिंत’ समजून घेतली की रस्ता समजतो

या प्रदेशात सुमारे १०० किलोमीटर लांबीचा एक कडा पसरलेला आहे. त्याला ‘वॉल’, म्हणजे भिंत म्हणतात. शेजारच्या वॉल गावाचे नावही त्यावरूनच पडले. भिंतीच्या उत्तरेला वरचे कुरण आहे, दक्षिणेला खालचे. लूप रोड या भिंतीच्या कधी वरून तर कधी पायथ्याने जातो आणि खिंडींमधून एका बाजूचा दुसऱ्या बाजूला उतरतो. सीडर पास, नॉरबेक पास, डिलन पास ही त्या खिंडींची नावे. खरे चढ याच ठिकाणी आहेत. बाकीचा रस्ता लाटांसारखा वरखाली होत राहतो.

एकेक चढ घाटाच्या मानाने छोटा आहे. पश्चिम महाराष्ट्रातला एखादा घाट सायकलने चढलेल्या माणसाला यातला कोणताही चढ अवघड वाटणार नाही. थकवा येतो तो चढांच्या संख्येमुळे आणि मधे कुठेही सावलीत थांबता येत नाही म्हणून.

पूर्वेकडून पश्चिमेकडे: टप्प्याटप्प्याने

*कॅक्टस फ्लॅट ते ईशान्य प्रवेशद्वार.* आंतरराज्य महामार्ग ९० वरच्या १३१ क्रमांकाच्या फाट्यावरून रस्ता दक्षिणेकडे वळतो. इथेच शीतयुद्धाच्या काळातल्या मिनिटमन क्षेपणास्त्रांची माहिती देणारे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. या कुरणांखाली एकेकाळी अण्वस्त्रे सज्ज ठेवलेली होती. रस्ता सपाट गवतातून जातो आणि प्रवेशद्वारापर्यंत पुढे काय आहे याची कल्पनाच येत नाही.

*ईशान्य प्रवेशद्वार ते बेन रायफेल केंद्र.* बिग बॅडलँड्स ओव्हरलूक या पहिल्याच थांब्यावर जमीन अचानक खाली जाते. पुढे डोअर, विंडो आणि नॉच या पायवाटांचे वाहनतळ लागते. सायकल तिथेच लावून चालत जावे लागते. मग सीडर पासचा उतार येतो. वळणे घट्ट आहेत आणि नजर देखाव्याकडे जाते, म्हणून ब्रेक आधीच तपासलेले असावेत. उतारावर क्लिफ शेल्फ नावाची जागा आहे. कड्याचा मोठा तुकडा सरकून खाली बसला, तिथे पाणी धरले जाऊ लागले आणि त्यामुळे आजूबाजूच्या उजाड भागात इथेच जुनिपरची झाडे वाढली.

बेन रायफेल अभ्यागत केंद्र खाली आहे. लाकोटा वंशाचे बेन रायफेल १९६१ ते १९७१ या काळात दक्षिण डकोटातून अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. जवळच सीडर पास लॉज आणि तंबूंसाठीची जागा आहे, तर इंटिरिअर हे छोटे गाव दक्षिणेला काही किलोमीटरवर आहे. पाण्याच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरायच्या त्या इथेच.

*केंद्र ते डिलन पास.* हा सर्वात लांब आणि सर्वात उघडा टप्पा. सॅडल पास, फॉसिल एक्झिबिट, व्हाईट रिव्हर व्हॅली, बिगफूट पास, पॅनोरमा पॉइंट, बर्न्स बेसिन, होमस्टेड असे थांबे एकामागून एक येतात. फॉसिल एक्झिबिट ही लाकडी फळ्यांची छोटी वाट असून या भागात सापडलेल्या प्राण्यांची ओळख तिथे होते. कोनाटा बेसिनकडे जाणारा खडीचा रस्ताही याच टप्प्यावर फुटतो. तिथल्या सहलीच्या जागेजवळ १९९३ मध्ये दोन पर्यटकांना जमिनीतून वर आलेला मणक्याचा भाग दिसला. त्यांनी तो न उचलता अधिकाऱ्यांना कळवले. काही दिवसांचे वाटलेले ते उत्खनन २००८ पर्यंत चालले आणि १९,००० हून अधिक हाडे मिळाली. पहिले हाड एका डुक्करसदृश प्राण्याचे वाटल्याने त्या जागेला ‘बिग पिग डिग’ असे नाव पडले. प्रत्यक्षात ते हाड गेंड्याच्या एका प्राचीन नातेवाइकाचे निघाले.

*यलो माउंड्स ते पिनॅकल्स.* डिलन पासच्या आसपास रंग बदलतात. पांढऱ्या-राखी कड्यांखालून हळदीसारखे पिवळे आणि वर गुलाबी पट्टे असलेले गोल उंचवटे दिसू लागतात. इथला चढ दमवणारा आहे. तो संपला की पिनॅकल्स ओव्हरलूक येतो आणि तिथून पश्चिमेकडे फार दूरवर दिसते. हवा स्वच्छ असेल तर ब्लॅक हिल्स डोंगर क्षितिजावर काळसर रेघेसारखे दिसतात.

*पिनॅकल्स ते वॉल.* प्रवेशद्वारातून बाहेर पडल्यावर १२-१३ किलोमीटरवर वॉल गाव आहे. इथले वॉल ड्रग हे दुकान टेड हस्टेड यांनी १९३१ मध्ये घेतले. गिऱ्हाईक येईना, तेव्हा १९३६ मध्ये त्यांनी रस्त्यावर पाट्या लावल्या: बर्फाचे पाणी फुकट. तापलेल्या मैदानातून आलेले प्रवासी थांबू लागले आणि दुकान देशभर प्रसिद्ध झाले. या प्रदेशात पाण्याची किंमत काय आहे हे यावरून कळते.

नावात ‘लूप’ असले तरी हा पूर्ण गोल नाही. महामार्गाच्या दोन फाट्यांना जोडणारी ही दक्षिणेकडे झुकलेली कमान आहे. म्हणजे एका टोकाला मोटार ठेवून निघालात तर त्याच रस्त्याने परतावे लागते, किंवा दुसऱ्या टोकाला कोणी न्यायला यावे लागते. हा विचार निघण्यापूर्वी करायला हवा.

कोणत्या दिशेने जावे?

पश्चिमेकडचे पिनॅकल्सचे टोक बेन रायफेल केंद्रापेक्षा साधारण २०० मीटर उंच आहे. म्हणून पिनॅकल्सकडून केंद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे गेल्यास उतार जास्त आणि चढ कमी लागतो. एकाच दिशेने जायचे असेल तर ही दिशा सोपी.

पण त्याच रस्त्याने परतायचे असेल तर उलटा हिशेब करावा. सकाळी गारव्यात केंद्रापासून पिनॅकल्सकडे चढत जावे आणि ऊन वाढल्यावर उताराच्या दिशेने परत यावे. सकाळी उतार संपवून दुपारी चढ शिल्लक ठेवणे ही इथली नेहमीची चूक आहे.

वाऱ्याचा विचार याहून महत्त्वाचा ठरू शकतो. या मैदानांत वारा अडवणारे काही नाही. जोराचे वारे बहुधा वायव्येकडून येतात, पण उन्हाळ्यात ते दक्षिणेकडूनही वाहतात. समोरून जोराचा वारा असेल तर उतारावरही पायडल मारावे लागते. कड्याच्या आडोशातून एकदम उघड्यावर आल्यावर बाजूने वाऱ्याचा धक्का बसतो, तेव्हा दोन्ही हात हँडलवर हवेत. आदल्या रात्री स्थानिक हवामानाच्या अंदाजात वाऱ्याची दिशा पाहूनच सुरुवात कुठून करायची ते ठरवावे.

पाणी: सगळ्यात महत्त्वाचा हिशेब

उद्यानात नोंदले गेलेले तापमान उणे ४० ते ४७ अंश सेल्सिअस या टोकांमध्ये आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ३३ अंशांच्या आसपास तापमान नेहमीचेच, आणि ३८ च्या वर जाणेही नवल नाही. आकडा मुंबई-नागपूरच्या माणसाला ओळखीचा वाटेल. फरक असा की इथली हवा कोरडी आणि वाहती आहे. घाम आल्याबरोबर सुकतो, अंग ओले होत नाही, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले हे लक्षात येत नाही. फिकट रंगाची जमीन खालूनही ऊन परावर्तित करते.

उद्यानाचा पायी फिरणाऱ्यांना सल्ला आहे की दोन तासांच्या फेरीसाठी माणशी सुमारे दोन लिटर पाणी जवळ ठेवावे. म्हणजे तासाला एक लिटर. सायकलस्वाराने हेच प्रमाण धरावे. केंद्र ते पिनॅकल्स हे ३६ किलोमीटर, चढ आणि थांबे धरून, सामान्य वेगाच्या माणसाला तीन ते चार तासांचे आहेत. सायकलवरच्या दोन छोट्या बाटल्यांत मिळून दीड लिटर पाणी बसते. ते पुरत नाही. पाठीवर पाण्याची पिशवी किंवा जादा बाटल्या हव्यातच.

वाटेतल्या ओव्हरलूकवर नळ नाहीत. ओहोळांत पाणी दिसले तरी ते पिण्याजोगे नसते. त्यात बारीक माती इतकी असते की गाळणीही चोंदते. नुसते पाणी पिऊन भागत नाही, मीठही जाते. पाण्यात मीठ-साखर किंवा क्षारांची पूड घालावी, सोबत खारे दाणे ठेवावेत. डोके दुखणे, मळमळ, घाम थांबणे, बोलताना अडखळणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. ती दिसली तर पुढे न जाता येणाऱ्या मोटारीला हात करावा. उद्यानात मोबाइलला रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून परतण्याची वेळ कुणाला तरी सांगून निघावे.

जूनमध्ये इथे पहाटे सव्वापाचच्या सुमारास उजाडते. पहिल्या उजेडात निघाले तर नऊ-दहापर्यंत मुख्य भाग संपतो. शिवाय तिरप्या उन्हात थरांचे रंग स्पष्ट दिसतात. भर दुपारी तेच कडे सपाट आणि फिके वाटतात.

वादळ, गारा आणि चिकट माती

इथे वर्षाकाठी सरासरी ४० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात मे-जूनचा वाटा मोठा. उन्हाळ्यात सकाळ निरभ्र असते आणि दुपारी-संध्याकाळी गडगडाटी वादळे उभी राहतात. गाराही पडतात. मोकळ्या मैदानात ढग खूप दुरून दिसतो, हा एकच फायदा. ढग काळा होऊ लागला की माथ्यावरचा थांबा सोडावा. एकट्या झाडाखाली किंवा खांबाजवळ उभे राहू नये. पक्की इमारत किंवा बंद मोटार हाच खरा आसरा.

पाऊस थांबल्यावर डांबर लवकर सुकते, पण शेजारची माती नाही. तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून तयार झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि गोंदासारखी होते. चाक तिच्यात गेले की ब्रेक, चेन आणि मडगार्ड क्षणात भरतात. म्हणून पाऊस झालेला असेल त्या दिवशी, आणि जमीन ओली असेल तर दुसऱ्या दिवशीही, सेज क्रीक रिम रोडसारख्या खडी-मातीच्या रस्त्यांवर जाऊ नये.

कोणती सायकल चालेल?

लूप रोडसाठी साधी रोड सायकल पुरते. गिअर मात्र हलके हवेत. सेज क्रीक रिम रोड पिनॅकल्सजवळून पश्चिमेकडे जातो आणि तो खडीचा आहे. त्यासाठी रुंद टायरची ग्रॅव्हल किंवा माउंटन सायकल लागते. सोबत दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरची पेटी, चेन जोडायचे हत्यार, पुढचा-मागचा दिवा, हेल्मेट आणि भडक रंगाचे जाकीट असावे. सायकल गवतात आडवी टाकू नये. तिथे जमिनीलगत वाढणारा निवडुंग असतो आणि त्याचे काटे टायरमध्ये सहज शिरतात.

मोटारींची रहदारी

या रस्त्यावर सायकलसाठी वेगळी मार्गिका नाही. रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे, आणि मोटारीतल्या माणसांचे लक्ष देखाव्यावर असते. मोठ्या आकाराच्या घरगाड्याही इथूनच जातात. वाहने उजव्या बाजूने चालतात, हे भारतातून गेलेल्या माणसाने वळताना विशेष लक्षात ठेवावे. ओव्हरलूकच्या वाहनतळातून मागे येणाऱ्या मोटारी हा दुसरा धोका. सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा रहदारी कमी असते.

ऑगस्टच्या सुरुवातीला जवळच्या स्टर्जिस गावात मोटरसायकलस्वारांचा मोठा मेळा भरतो. १९३८ पासूनची ही परंपरा आहे. त्या दिवसांत या रस्त्यावर मोटरसायकलींची रांग लागते. सायकलसाठी ते दिवस टाळलेलेच बरे.

वाटेत भेटणारे प्राणी

पश्चिमेकडच्या भागात बायसन दिसतात. ते आपल्या गव्याचे दूरचे नातेवाईक. शिकारीमुळे ते इथून नाहीसे झाले होते, १९६३ मध्ये पुन्हा आणले गेले. आज हजाराच्या आसपास बायसन इथे आहेत. शांत चरणारा बायसन माणसापेक्षा खूप वेगाने धावू शकतो. मोटारीला पत्र्याचे संरक्षण असते, सायकलला नाही. किमान ९० मीटर अंतर ठेवावे. कळप रस्त्यावर असेल तर थांबावे, घंटी वाजवू नये, मधून वाट काढू नये.

मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या पिनॅकल्सजवळच्या कड्यांवर दिसतात. प्रेअरी डॉग हा नावाने कुत्रा, पण प्रत्यक्षात खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी. त्याच्यावर जगणारा काळ्या पायांचा फेरेट उत्तर अमेरिकेतल्या अतिदुर्मीळ सस्तन प्राण्यांपैकी एक आहे. १९९० च्या दशकात तो इथे पुन्हा सोडण्यात आला. प्रेअरी रॅटलस्नेक हा इथला विषारी साप, शेपटीच्या खुळखुळ्याने इशारा देतो. रस्त्याकडेला गवतात बसताना आधी नीट पाहावे.

चाकाखालचा काळ

सायकलच्या वेगाचा खरा फायदा म्हणजे थर वाचता येतात. सर्वात खालचा काळपट थर पिअर शेलचा. सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध उथळ समुद्र होता, त्याच्या तळाचा हा चिखल. समुद्र हटल्यावर उघड्या पडलेल्या तळावर माती तयार झाली, तेच पिवळे उंचवटे. त्यावरचा राखी चॅड्रन थर ३.७ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा, उष्ण आणि दमट काळातला. त्यावर पट्टेदार ब्रूल थर आणि अगदी वर, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या ज्वालामुखींतून उडून आलेल्या राखेचा फिकट पट्टा. म्हणजे डिलन पासचा चढ चढताना आपण समुद्रतळापासून कुरणापर्यंतचा प्रवास करतो.

या थरांत तीन बोटांच्या छोट्या घोड्यांचे, उंटांच्या पूर्वजांचे, गेंड्यांचे आणि सुळेदार मांसभक्षकांचे जीवाश्म सापडतात. ते उचलणे गुन्हा आहे. दिसल्यास हात न लावता जागेची खूण लक्षात ठेवून उद्यानाला कळवावे. २०१० मध्ये एका सात वर्षांच्या मुलीला अभ्यागत केंद्राजवळ अशाच एका सुळेदार प्राण्याची कवटी दिसली होती.

ही जमीन कोणाची?

उद्यानाचा दक्षिण भाग ओग्लाला लाकोटा लोकांच्या पाइन रिज राखीव क्षेत्रात येतो. १९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धासाठी लष्कराने तिथली सुमारे १,३८० चौरस किलोमीटर जमीन विमानातून गोळीबाराच्या सरावासाठी घेतली. सुमारे १२५ कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांत वुंडेड नीच्या हत्याकांडातून वाचलेले वृद्ध ड्यूई बिअर्डही होते. पुढे त्या जमिनीचा मोठा भाग उद्यानाला जोडला गेला. आज तो उद्यान सेवा आणि ओग्लाला लाकोटा यांच्यातल्या करारानुसार सांभाळला जातो. तिथे अजूनही न फुटलेला दारूगोळा सापडतो.

बिगफूट पास या थांब्याच्या नावामागेही इतिहास आहे. डिसेंबर १८९० मध्ये बिगफूट या नावाने ओळखले जाणारे लाकोटा प्रमुख आपल्या लोकांसह, त्यांत बायका-मुलेही होती, ही भिंत उतरून कडाक्याच्या थंडीत दक्षिणेकडे गेले. २९ डिसेंबरला वुंडेड नी इथे सैन्याने त्यांच्यापैकी २५० हून अधिक जणांना ठार केले. आज ज्या खिंडीतून मौजेने उतरता येते, त्याच भिंतीतून ते लोक जीव वाचवायला उतरले होते. सायकल क्षणभर थांबवावी अशी ही जागा आहे.

नियम आणि तयारी

सायकलस्वारालाही प्रवेश शुल्क भरावे लागते, ते माणशी असते आणि सात दिवस चालते. चालू दर, बंद रस्ते आणि वादळाच्या सूचना उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. सर्वात जवळचे मोठे शहर रॅपिड सिटी, विमानतळ तिथेच आहे. पाट्यांवरची अंतरे मैलांत असतात, त्यांना १.६ ने गुणले की किलोमीटर मिळतात. उद्यान ‘माउंटन’ कालविभागात येते. राज्याच्या पूर्वेकडून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास मागे घ्यावे.

रस्ता किती दिवस राहील?

ही जमीन झिजायला सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी सुरुवात झाली. आज ती सरासरी वर्षाला एक इंच या वेगाने झिजते. भूशास्त्राच्या मानाने हा वेग प्रचंड आहे. याच गतीने आणखी ५ लाख वर्षांत इथले कडे सपाट होतील, असा अंदाज आहे. रस्ताही याच मातीवर उभा आहे. सीडर पासजवळचा उतार सरकत राहतो आणि तिथला रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. डांबरातली नवी भेग किंवा खचलेली कड मोटारीला जाणवत नाही, पण सायकलच्या अरुंद चाकाला जाणवते. म्हणून उतारावर वेग आवरता ठेवावा, नजर रस्त्यावर असावी आणि देखावा पाहायचा तर पाय टेकवून पाहावा.